इग्वानाचा जबडा मऊ पडलाय, डॉक्टर शनिवारी भेटणार. तोवर काय करू?

कृष्णाकाठ (सांगली) | सोमवार ८ डिसेंबर, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आमची हिरवी इग्वाना पोपटी, चार वर्षांची. आठवडाभर नीट खात नव्हती. थंडी पडलीय म्हणून असेल, असं समजून मी लक्ष दिलं नाही. आज संध्याकाळी लेक धावत आली, "आई, पोपटी थरथरतेय." जाऊन बघते तर मागच्या पायाची बोटं एकेक करून उडत होती, आतून कुणी दोरा ओढावा तशी. उचलायला हनुवटीखाली बोट घातलं तर खालचा जबडा दबला. रबरासारखा. मागचे पायही ओढत चालतेय.

गावात दोन ठिकाणी विचारलं. एका डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की सरडे बघत नाही. दुसऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांनी प्रेमाने बघितलं, पण शेवटी "कुत्र्यांना देतो ते जंताचं इंजेक्शन देऊन बघू का?" म्हणाले. मला भीती वाटली, परत घेऊन आले. पुण्यात सरपटणारे प्राणी बघणारे एक डॉक्टर आहेत, त्यांची वेळ मिळालीय ती शनिवारची. पाच दिवस कसे काढू? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. लेक झोपायला तयार नाही.

रानमांजर (पुणे) | ८ डिसेंबर, रात्री ११:४१

ताई, मी सात वर्षं बियर्डेड ड्रॅगन जातीचे सरडे पाळतोय, आधी इग्वानाही होती. पटापट सांगा: आत्ता पिंजऱ्यात तापमान किती? यूव्हीबी ट्यूब (कॅल्शियम अंगी लागायला उन्हातले जे अतिनील किरण लागतात, ते देणारी) आहे का, असली तर कधी घेतलेली? रोज खायला काय? शेवटची शी कधी झाली आणि तिच्यातला खडूसारखा भाग पांढरा होता की पिवळा? डोळे खोल गेलेत का? वजन माहीत आहे का?

कृष्णाकाठ | ८ डिसेंबर, रात्री ११:५८

थर्मामीटर नाही. खोली हाताला गार लागतेय. साधा ६० वॅटचा बल्ब आहे. ट्यूब दोन वर्षांपूर्वी घेतलेली, अजून छान पेटते. शिवाय टाकी पूर्वेच्या खिडकीला लावलीय, सकाळचं ऊन काचेतून थेट तिच्या अंगावर येतं. खायला पालक, काकडी, टोमॅटो, कधी केळं. पालक तिचा जीव की प्राण. शी चार दिवसांपूर्वी, खडूचा भाग पिवळसर होता. डोळे थोडे आत गेलेत. आत्ताच किचनच्या काट्यावर टोपलीसकट ठेवून टोपली वजा केली: १ किलो ३४० ग्रॅम. मांड्या मात्र चांगल्या गुबगुबीत आहेत, म्हणून तर तब्येतीबद्दल कधी शंका आली नाही.

रानमांजर | ९ डिसेंबर, रात्री १२:३०

ताई, त्या मांड्यांवर हलकेच बोट ठेवून बघा. टणक लागतील. कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं आणि पोकळ झालेल्या हाडाला आधार म्हणून भोवती तंतुमय गाठीसारखी वाढ होते. बघणाऱ्याला वाटतं बाळसं धरलंय. माझ्या पहिल्या इग्वानाच्या वेळी मीही हेच कौतुकाने सगळ्यांना दाखवत होतो. तिच्यासोबत मला दीड वर्षच मिळालं, म्हणून आज एवढं सविस्तर लिहितोय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा हाडांचा चयापचयाचा आजार वाटतो. पक्कं निदान डॉक्टर एक्स-रे बघून करतील. आज रात्री फक्त ऊब द्या. सरड्याचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. अंग गार असेल तर अन्न पचत नाही, पोटात सडतं. रोगाशी लढायची ताकदही गार अंगात येत नाही आणि औषधही नीट लागू पडत नाही. म्हणून क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. हा क्रम उलटा केला की प्राणी हातचा जातो. गार पडलेल्या सरड्याला माणसं आधी भरवायला बसतात. मायेपोटीच करतात, पण नुकसान तिथेच होतं.

आत्ता रबरी पिशवीत किंवा बाटलीत गरम पाणी भरून जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा, जास्त झालं तर तिला सरकता आलं पाहिजे. उघडी पिशवी पोटाशी अजिबात नको. यांना पोटाला चटका बसतोय हे वेळेवर कळत नाही, भाजून फोड येईपर्यंत तिथेच बसून राहतात. टाकी तीन बाजूंनी गोधडीने झाका, वरची हवा मोकळी ठेवा, बल्बला कापड टेकू देऊ नका. रात्री २४-२५ अंशांच्या खाली जायला नको. दिवसा हवा २९ ते ३२ आणि बल्बखालची जागा ३५-३६. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे थर्मामीटर आणा, हाताचा अंदाज फसवतो.

आतल्या फांद्या सगळ्या काढा. अशा अवस्थेत फूटभरावरून पडली तरी मांडी मोडते. खाली जुना टॉवेल अंथरा. उचलायची वेळ आली तर छाती आणि कमरेखाली दोन्ही तळवे लावून पाटासारखी उचला, पंज्यातून ओढू नका.

आजीचा बटवा (बार्शी) | ९ डिसेंबर, सकाळी ६:५०

कॅल्शियमच कमी असेल तर खायचा चुना द्या की. गव्हाच्या दाण्याएवढा पाण्यात कालवून. आमच्याकडे बाळंतिणीला देतात, गुण येतो.

दावणीचा डॉक्टर (सातारा) | ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

आजी, तुमचा हेतू चांगला आहे, पण चुना कृपया नको. तो तीव्र अल्कली असतो. सरड्याच्या तोंडाचं आणि अन्ननलिकेचं अस्तर फार नाजूक, भाजून निघेल. कृष्णाकाठ ताई, हे अजिबात करू नका.

मी पशुवैद्य आहे, पण गाई-म्हशींचा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास माझ्या वाट्याला जेमतेम आला आणि प्रत्यक्ष केस त्याहून कमी. म्हणून तुमच्या गावातल्या डॉक्टरांची अडचण मला समजते. तुम्ही ते इंजेक्शन नको म्हणालात हे फार बरं केलंत. कुत्र्यांच्या जंतांच्या इंजेक्शनात बरेचदा आयव्हरमेक्टिन असतं. कासवांना ते जीवघेणं ठरतं आणि सरड्यांतही मात्रा चुकली तर मज्जासंस्थेवर जातं. हिला तर आधीच झटके येताहेत. घरातलं पॅरासिटामॉल, मुलांचं अँटिबायोटिक, कुणीतरी सुचवलेलं स्टिरॉइड, यातलं काही नको. लहान मुलांचं कॅल्शियम-डी३चं सिरपही मनाने देऊ नका, डी३ जास्त झालं तर मूत्रपिंडात चुना साठतो. मात्रा मी इथे लिहिणार नाही. वजन, पाण्याची कमतरता आणि रक्तातलं कॅल्शियम बघून ती तिच्या डॉक्टरांनी ठरवायची.

आता महत्त्वाचं. बोटं उडणं म्हणजे रक्तातलं कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं. यात शनिवारपर्यंत थांबायचं नाही. नऊ वाजता पुण्याला पुन्हा फोन करा. "खात नाही" असं सांगू नका. "झटके येताहेत, जबडा मऊ आहे, मागचे पाय ओढतेय" हे तिन्ही याच शब्दांत सांगा. थरथरीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. "येईपर्यंत तोंडाने कॅल्शियम द्यायचं का, कोणतं, किती" हे त्यांनाच विचारा आणि गावातल्या डॉक्टरांना त्यांच्याशी फोनवर जोडून द्या. फोनवर जाणकार आणि हाताशी स्थानिक डॉक्टर, अशा जोडीने माझ्या भागात एका पाळीव कासवाचा जीव वाचलाय. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या पुण्याच्या वाटेवर आहे, तिथेही चौकशी करून ठेवा. वाटेत काही झालं तर माहितीचं दार असलेलं बरं.

कृष्णाकाठ | ९ डिसेंबर, दुपारी १:०५

डॉक्टरसाहेब, तुमचे शब्द कागदावर लिहून तसेच वाचले. वेळ गुरुवारची मिळाली! व्हिडिओ बघून त्यांनीच तोंडाने द्यायचं कॅल्शियम आणि मात्रा सांगितली, गावातल्या डॉक्टरांशी बोलले, औषध मिळालं. थर्मामीटर आणला. काल रात्री टाकी किती गार असेल याची आता कल्पना येते, कारण आज सकाळी बल्ब लावूनसुद्धा २१ होतं. दोन पिशव्या आलटून पालटून भरल्यावर आत्ता ३० आहे आणि तिने डोळे पूर्ण उघडलेत.

पाणी कसं देऊ? ड्रॉपरने तोंडात सोडलं तर चालेल का?

रानमांजर | ९ डिसेंबर, दुपारी १:२०

तोंडात सोडू नका. श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. नाकपुड्यांच्या मागे, ओठाच्या कडेवर एकेक थेंब ठेवा. ती स्वतः जीभ काढून चाटेल. चाटलं नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा. औषधही असंच कडेने, थेंबाथेंबाने.

शिवाय घमेल्यात कोमट पाणी घ्या, मनगटाला गरमही नाही आणि गारही नाही असं, साधारण ३०-३२ अंश. तिच्या कोपरापर्यंतच. पंधरा मिनिटं बसवा आणि हनुवटीखाली हात धरून तुम्ही स्वतः शेजारी बसा. झटका आला तर एवढ्याशा पाण्यातही बुडते. बहुतेक जणी पाण्यातच शी करतात, रंग बघून ठेवा. अंग कोरडं करूनच परत ठेवा.

ओहायोची माय (अमेरिका) | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

घमेलं वेगळं ठेवा, कृष्णाकाठ. किचनच्या सिंकमध्ये कधीच नाही. धडधाकट दिसणाऱ्या सरड्याच्या पोटातही साल्मोनेला असतो. हात साबणाने धुवा आणि घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर कुणी असेल तर त्यांना या सेवेपासून लांब ठेवा.

अमेरिकेत म्हणजे गल्लोगल्ली डॉक्टर असतील असं वाटतं ना? आमच्या गावात चार दवाखाने आहेत आणि चारही कुत्र्या-मांजरांचे. आमचा बियर्डेड ड्रॅगन एका रविवारी रात्री शी करताना जोर करत होता आणि मागून बोटाच्या पेराएवढा लालभडक गोळा बाहेर आला. सरडे बघणारे डॉक्टर दीडशे किलोमीटरवर. फोनवर त्यांनी सांगितलं: तो भाग वाळू द्यायचा नाही, स्वतः आत ढकलायचा नाही. स्वच्छ पाण्यात भरपूर साखर विरघळवून त्यात गॉझ भिजवून वर ठेवला, साखरेने सूज उतरते. खाली वाळू-माती काढून ओला पेपर टॉवेल. मी मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन दर दहा मिनिटांनी गॉझ ओला करत होते, नवरा गाडी चालवत होता. गोळा गुलाबी राहिला म्हणून वाचला. काळपट पडला असता तर तो भाग गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड ॲम्फिबियन व्हेटरिनेरियन्स यांच्या संकेतस्थळावर जागेनुसार डॉक्टर शोधता येतात. प्राणी घरी आणायच्या आधीच दोन नंबर लिहून ठेवा. आणि उन्हाळ्यात अंगणात सोडत असाल तर काजव्यांपासून सांभाळा. इथल्या फोटायनस जातीच्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, एखाद-दुसरा खाऊनही बियर्डेड ड्रॅगन दगावतात.

विदर्भकन्या (नागपूर) | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

पोपटीसाठी मनापासून प्रार्थना. माझा प्रश्न कमी तातडीचा आहे, पण धागा शोधून कुणी येईल म्हणून लिहिते. माझ्या लेपर्ड गेकोची (पाळीव पालीची) कात नेहमी बोटांवर अडकायची. पातळ पांढरी अंगठीच जणू. वाळली की आवळते, रक्त थांबतं, बोट काळं पडतं आणि गळतं. एक बोट असंच गेलं, तेव्हा कळलं.

आता मी प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडून आत ओला पेपर टॉवेल घालते, डबा टाकीच्या उबदार बाजूला ठेवते, गेकोला त्यात अर्धा तास. मग कान साफ करायची कापसाची काडी ओली करून बोटाच्या मुळापासून नखाकडे हळूच फिरवायची. कात मऊ झाली असेल तर मोज्यासारखी उतरते. नाही उतरली तर पुन्हा डब्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चिमट्याने ओढायची नाही आणि डोळ्यावरच्या कातीला तर हातच लावायचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात उलटी काळजी असते. पारा ४५ ला टेकला की हीटर बंद, टाकी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात आणि शेजारी ओलं गोणपाट.

मालवणी लाट (कुडाळ) | १० डिसेंबर, सकाळी ८:१०

काल हायवेवर गाडीने उडवलेली घोरपड सापडली. हा धागा वाचत होतो म्हणून विचारतो, घरी आणून बेटाडीन लावून बरी करता येईल का?

रानमांजर | १० डिसेंबर, सकाळी ८:२५

दादा, घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, उपचारासाठीसुद्धा घरी ठेवता येत नाही. वनविभागाच्या १९२६ ला लगेच फोन करा. ते येईपर्यंत हवेची भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत. पाणी पाजू नका, खायला देऊ नका, पोरांना दाखवू नका. शेपटीचा फटका आणि चावा दोन्ही जबर असतात, जाड पोतं टाकूनच धरा.

पाळीव सरड्याची उघडी जखम असेल तर मात्र सलाईनने धुवायची, मग बेटाडीन पाण्यात घालून पातळ चहाच्या रंगाचं करायचं आणि त्याने पुसायची. डेटॉल नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, हळद भरायची नाही, कारण खाली काय चाललंय ते दिसत नाही. वेदना थांबवणारं औषध घातलेली मलमं तर अजिबात नाही. आणि गाठ आली तर दाबून पू काढायला जाऊ नका. सरड्याचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, तो डॉक्टरांनाच कापून काढावा लागतो.

कृष्णाकाठ ताई, एक कागदाची गोष्ट. हिरवी इग्वाना सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याच्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पोपटीची केली नसेल तर ती बरी होताहोता करून घ्या. कागद नाहीत या भीतीने लोक प्राणी डॉक्टरांकडे नेतच नाहीत आणि तो घरात मरतो. मी हे दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा फार वाईट वाटलं.

कृष्णाकाठ | गुरुवार ११ डिसेंबर, रात्री १०:४५

घरी परतलो. मासळी बाजारातून थर्माकोलचा खोका आणून धुतला, भोकं पाडली, खाली टॉवेल, एका कडेला गुंडाळलेली पिशवी, झाकणाच्या फटीतून थर्मामीटरची तार. लेकीने पूर्ण प्रवासभर आकडा वाचला: २८, २८, २७. कराडला एका हॉटेलवाल्या काकांनी पिशवीत पुन्हा गरम पाणी भरून दिलं, पैसे घेतले नाहीत.

एक्स-रेत हाडं जिथे पांढरीशुभ्र दिसायला हवीत तिथे धुरकट दिसली. डाव्या मांडीचं हाड मोडून वाकडं जुळलंय. कधी मोडलं, आम्हाला कळलंसुद्धा नाही. ती ओरडली नाही, ओरडूच शकत नाही. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, कॅल्शियमची मात्रा बदलली, प्लॅस्टर नको, लहान पिंजऱ्यात विश्रांती म्हणाले. मूत्रपिंडं शाबूत आहेत. हे ऐकून मी तिथेच रडले.

आणि खिडकी! काच उजेड आत सोडते, पण यूव्हीबी अडवते. चार वर्षं ती रोज उन्हात बसत होती आणि तिच्या अंगाला पाहिजे ते एकदाही मिळालं नव्हतं. ट्यूबचंही तेच. ती पेटते, पण यूव्हीबी वर्षभरातच ओसरतं, डोळ्याला दिसत नाही. पालकातलं ऑक्झलेट आहे ते कॅल्शियमही धरून ठेवतं. मी तिला रोज आवडीने भरवत होते.

दावणीचा डॉक्टर | १२ डिसेंबर, सकाळी ७:००

ताई, तुम्ही तिला वेळेत पोचवलंत. आता उबेत आहे, तर हळूहळू खाणं सुरू होईल. शेवग्याचा पाला, लसूणघास, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं द्या. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं असा साधारण हिशेब, या पाल्यांत तो बराच जमतो. लसूणघास तुमच्याकडे गोठेवाल्यांकडे सहज मिळेल, फक्त फवारणी झालेला नाही ना विचारून घ्या. अंडं, पनीर वगैरे ताकदीसाठी कुणी सुचवेल, पण इग्वाना शाकाहारी आहे, प्राणिज प्रथिनांनी मूत्रपिंडं बिघडतात.

रोज सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. प्राणी बोलत नाही, वही बोलते.

कृष्णाकाठ | १८ जानेवारी, सायंकाळी ६:१५

बोटं उडणं पाचव्या दिवशी थांबलं होतं, तेव्हापासून एकदाही नाही. वजन १ किलो ३९०. सकाळी वीस मिनिटं पोपटाच्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर थेट उन्हात नेते, अर्ध्या पिंजऱ्यावर पंचा टाकून, म्हणजे सावलीत सरकता येतं. घारी फिरतात म्हणून शेजारून हलत नाही. लोडशेडिंगच्या दिवशी पिशव्या तयार असतात. लेकीने वेळापत्रकच लावलंय.

रानमांजर | १८ जानेवारी, सायंकाळी ६:४०

किती बरं वाटलं वाचून! फांदी मात्र अजून नको, डॉक्टर दुसरा एक्स-रे बघून सांगतील तोपर्यंत.

कृष्णाकाठ | २२ मार्च, सकाळी ९:३०

दुसऱ्या एक्स-रेत हाडं भरलेली दिसली. जबडा बोटाला टणक लागतो, थोडा वाकडा आहे, तो तसाच राहणार. डावा पाय किंचित फेंगडा पडतो. काल डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर एक जाड फांदी आडवी बांधली, खाली गादी घातली. बराच वेळ तिने फांदीकडे फक्त बघितलं. मग एक पंजा ठेवला, थांबली, दुसरा ठेवला आणि चढून बसली. लेकीने समोर जास्वंदीचं फूल धरलं, ते दोन घासांत गेलं.

वजन १ किलो ४७०. परिवेशवर नोंदणीचा अर्ज भरलाय. ट्यूब नवी घेतलीय आणि तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहिलीय: १२ डिसेंबर.